खड्ड्यात कोण आहे?

पहाटे तीनला जो आवाज झाला
तो झाड पडल्याचा वाटलाच नाही मला.
घर एकदा खोकलं, इतकंच.
मग पुन्हा वारा, आणि वाऱ्याखाली
फ्रीजची घरघर थांबलेली.

उजाडलं तेव्हा पडवीवर आडवा मेपल,
एल्रॉयच्या बापानं लावलेला, नदीकडून तिसरा.
पन्हळ चेपलेली. एक फांदी न्हाणीघराच्या खिडकीतून आत,
आरशात स्वतःला बघत असल्यासारखी.
आणि पानांखालून ओल्या गवतात उतरलेली काळी तार,
कपडे वाळत घालायच्या दोरीइतकी निवांत.

मागच्या दारानं निघाले. टोबिनचा हात इतका आवळून
की तो म्हणाला, मावशी, दुखतंय.
दुखू दे.
रस्त्यापलीकडे झ्विकरांच्या टपालपेटीशी उभं राहून
वीज कंपनीला फोन लावला.
तार खाली आहे. गवत ओलं आहे.
नाही, ठिणग्या नाहीत, आवाजही नाही,
पण गप्प आहे म्हणून मेली असेल असं मी धरत नाही.
पलीकडची बाई म्हणाली, धरू नका. लांब राहा.
अख्खा किनारा अंधारात आहे, वेळ लागेल.

वेळ लागेल हे डेल्बर्टला कोण सांगणार?
तो आलाच करवत घेऊन,
पायात मासेमारीचे बूट, डोक्याला लोकरीची टोपी.
"दोन काप, व्हर्ना. तुझा चहा उकळायच्या आत."
मी फाटकात आडवी उभी राहिले.
चाळीस वर्षांचा शेजार, आणि मी त्याला
माझ्याच अंगणात पाऊल टाकू देईना.
तो चिडून गेला.
संध्याकाळी बायकोच्या हाती वाटाण्याचं सूप आलं.
मी भांडं घासून परत केलं. बोलणं नंतर झालं.

तिसऱ्या दिवशी तार तोडून नेली,
आणि मी सैल पडले. चूक झाली ती तिथे.
उपटलेल्या मुळांची ढाल उभी होती, दोन पुरुष उंच,
दगड, माती, लोंबणारे केस.
तिच्या पायाशी खड्डा, कोरडा, खोल.
टोबिननं तिथे घर मांडलं.
पडलेलं झाड आणखी कुठे पडणार, म्हटलं मी,
आणि अंथरायला माझी चौकड्यांची घोंगडी दिली.
माझ्या हातानं दिली.

करवतवाली पोरगी आली, मेझी कॉर्कम,
कानांवर मफ, मांड्यांवर जाड चाप्स, चेहऱ्यावर जाळी.
झाडाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.
पहिला प्रश्न: "खड्ड्यात कोण आहे?"

टोबिन बिस्किट खात बाहेर आला.
तिनं त्याला माझ्याकडे सोपवलं, आम्हाला रस्त्यावर पाठवलं.
मग काम, सावकाश.
खोडाखाली दबून धनुष्य झालेलं बर्चचं रोप आधी;
समोर उभी न राहता, बाजूनं,
थोडं थोडं खरवडत, त्याचा राग उतरेपर्यंत.
मग फांद्या. मग खोड, मुळांपासून हातभर सोडून.

शेवटचा काप बसला आणि बुंधा
उभा राहिला.
कुणी हाक मारल्यासारखा, एका दमात.
ढाल खाली आली, खड्डा मिटला,
रस्त्यावर आमच्या पायांखाली जमीन हलली.
मातीच्या कडेला घोंगडीचं एक टोक,
हिरवं आणि पिवळं.

टोबिन रडला. आत त्याचा ट्रक होता.
मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला तो काढताच येईना.
मेझीनं जाळी वर केली, पाणी प्यायली,
आणि काहीच म्हणाली नाही. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

रात्री दिवा आला. विम्याचा कागद भरायला बसले.
पन्हळ, सोळा फूट. खिडकीची काच. छपराचा कोपरा.
एक घोंगडी.
आणि ट्रक, म्हणाला टोबिन, टेबलावर हनुवटी टेकवून.
लिहिला.
रंगाचा रकाना नव्हता कागदावर,
तरी लिहिला: लाल.